सदुसष्टावं उत्तर

३ फेब्रुवारी

चि. मैनेस आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. हे उत्तर मी मुद्दाम जाड निबाच्या पेनाने आणि एकेक ओळ सोडून लिहिते आहे, म्हणजे तुला भिंगाखाली एकटीला वाचता येईल आणि तुझ्या बापाला मधे तोंड घालावं लागणार नाही. तो वाचून दाखवायला बसला की निम्मा मजकूर गाळतो आणि उरलेल्यावर स्वतःचं भाष्य करतो. लहानपणापासून बघते आहे मी.

होय, मी तुझी लेखनिक होईन. यात विचारायचं काय होतं? कायद्याच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा माझ्या घरापासून दोन चौकांवर होते आणि तुला प्रश्न वाचून दाखवून उत्तरांची वर्तुळं काळी करायला माणूस लागतो, तर चौतीस वर्षं कोर्टात स्टेनोगिरी केलेली आत्या सोडून तू दुसऱ्या कोणाला नेतेस तेच बघते.

काल परीक्षा मंडळाच्या कार्यालयात जाऊन अर्ज आणला. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, उमेदवाराला झालंय काय. मी म्हटलं, काही झालेलं नाही, तिला बारीक अक्षर दिसत नाही इतकंच. त्यावर तो महाभाग म्हणतो की मग कायद्याच्या भानगडीत कशाला पडते, एखादं बैठं काम बघावं. मी सांगितलं की न्यायाधीश दिवसभर बसूनच असतात, तेवढं बैठं काम तिला पुरेल. मग त्याने शिक्का मारला.

नियमाप्रमाणे लेखनिक कायदा शिकलेला नसावा. मी कोर्टात होते म्हटल्यावर त्याने भुवया वर केल्या. मी म्हटलं, मी कायदा फक्त ऐकलाय, आणि ऐकलेलं जसंच्या तसं उतरवलंय. ते खरंच आहे. एकदा एका बड्या वकिलाने साक्षीदाराच्या तोंडचा एक ‘बहुधा’ गाळ म्हणून माझ्या टेबलाशी येऊन गोड गोड बोलून पाहिलं होतं. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, की कुठला ‘बहुधा’ साहेब, जरा मोठ्याने सांगता का. पुन्हा माझ्या वाटेला गेला नाही.

तब्येत सांभाळून अभ्यास कर. तुझ्या बापाला म्हणावं शिवणयंत्रं दुरुस्त करताना खिळे तोंडात धरत जाऊ नकोस. लोभ आहेच, तो दोघींनी मिळून वाढवू.

तुझी,
आत्या

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास मैनेचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र एकटीने वाचलं. पाऊण तास लागला. तेवढ्यात बाबा दोनदा खोलीत डोकावून गेले, त्यांच्याबद्दल काय लिहिलंय ते विचारायला. काही नाही म्हणून सांगितलं. खिळ्यांचा निरोप मात्र आईकरवी दिला.

माझं टाइप केलेलं पत्र तुला रुक्ष वाटत असेल, पण हाताने लिहिलं तर ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात. आणि फोनचं नाव काढू नकोस. हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर आठ तास टेलिफोनच्या बोर्डावर बसल्यावर घरी घंटी ऐकली की अंगावर काटा येतो.

बोर्डाची बातमी वाईट आहे. डिसेंबरात आपोआप फोन जोडणारं यंत्र येणार हे नक्की झालं. मेट्रनबाई म्हणाल्या की नोकरी जाणार नाही, मला कपड्यांच्या कोठीत चादरी मोजायला बसवतील. चारशे बारा नंबर मला पाठ आहेत, कोण डॉक्टर कुठल्या वेळी कुठे सापडतो तेही. आता चादरी. म्हणून हे वर्ष हातचं जाऊन चालणार नाही, आत्या. परीक्षेसाठी रजा आणि सवलत यंदाच मिळते आहे, कोठीतल्यांना तीही नाही.

अभ्यास बरा चालू आहे. बोर्डावरची मैत्रीण सरावाचे प्रश्न वाचते. मागे वळून कागदावर बघता येत नाही, म्हणून शंभरच्या शंभर उत्तरं मी क्रमाने डोक्यात ठेवते आणि संध्याकाळी बाबांना म्हणून दाखवते. परवा त्यांनी दोन चुका काढल्या. दोन्ही ठिकाणी त्यांनीच खालची ओळ वाचली होती.

क्लासचे सर एक गोष्ट घोकून घेतात. कायद्याच्या प्रश्नात वर एक नियम दिलेला असतो. तोच त्या प्रश्नापुरता कायदा. बाहेरचं जे काही माहीत असेल ते विसरायचं. नियमात म्हैस हा पक्षी आहे असं दिलं असेल, तर म्हशीला घरटं हवं.

एक आधीच सांगते, रागावू नकोस. मी सांगेन तेच काळं करायचं, चुकलं तरी. गेल्या महिन्यात दुकानात मी हिरवं कापड मागितलं, तर त्याच मैत्रिणीने निळं बांधून घेतलं. निळं मला शोभतं म्हणे. घरी आल्यावर आईने रंग सांगितला तेव्हा कळलं. ती वाईट नाही गं. पण तेव्हापासून तिच्याबरोबर दुकानात जायला नको वाटतं.

तुझी काळजी घे. तुझ्या मायेची सवय झाली आहे, ती मोडू देऊ नकोस.

तुझी,
मैना

२० फेब्रुवारी

चि. मैनेस अनेक आशीर्वाद. वि. वि.

त्या मैत्रिणीला ते निळं कापड गुंडाळून परत दे आणि म्हणावं तूच घाल. शोभतं म्हणे! तिला कोणी विचारलं होतं? डोळे चांगले असले की अक्कलही आपल्याकडेच जास्त, असं वाटणाऱ्या माणसांचा मला मनस्वी संताप येतो. पत्र वाचून मी उठून दोन वेळा खोलीत फेऱ्या मारल्या.

तुझ्या अटीचा राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. जरासा आला. मला सांगावं लागतं होय? पण बरं केलंस, अटी लेखी असलेल्या बऱ्या.

तुझ्या सरांचा कायदा मात्र माझ्या गळी उतरत नाही. माणसाच्या मनात काय होतं हे बघायचंच नाही, वर छापलेली ओळ लावायची आणि मोकळं व्हायचं! असे निकाल लागले असते तर तुरुंगात उभं राहायला जागा मिळाली नसती. असो. परीक्षा त्यांची, म्हशीही त्यांच्या.

मार्चअखेर ये. खिडकीजवळचं टेबल तुझ्यासाठी रिकामं केलंय, वर मोठा दिवा लावलाय. वाटेतलं स्टूल काढून टाकलं आणि आता तू जाईपर्यंत घरातली एकही वस्तू मी हलवणार नाही. शेजारी भूगोलाचे निवृत्त मास्तर राहतात, त्यांना ताकीद दिली आहे की दुपारी रेडिओ हळू. ते म्हणाले, तुमच्या बोलण्यापेक्षा तो हळूच असतो.

वाट बघते. बाकी माया इथे आल्यावर.

आत्या

१९ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचले. बाबा स्टेशनवर आले होते. घरी येऊन हातपाय धुतले आणि शंभर उत्तरं त्यांना सलग सांगून टाकली, म्हणजे डोकं रिकामं झालं. त्यांनी ती वहीत उतरवून ठेवलीत. आता छापील उत्तरं येईपर्यंत वही कपाटात.

पेपर बरा गेला. तुझं वाचन इतकं स्वच्छ होतं की मला एकही प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही. दाराशी बसलेल्या पर्यवेक्षिकेला तू विणकाम पिशवीत ठेवायला लावलंस, तेवढं नसतं केलंस तरी चाललं असतं. बिचारी मग तीन तास नुसती बसून होती.

आणि हो, तो सायकलचा प्रश्न. शाळामास्तर स्टँडवरून आपली समजून दुसऱ्याची सायकल घेऊन जातो, किल्लीही लागते, दुसऱ्या दिवशी परत आणून देतो. वर नियम, की परवानगीवाचून दुसऱ्याची वस्तू नेली की चोरी, हेतू बघायचा नाही. वाचताना तू नाकाने हसलीस ते मी ऐकलं. मी ‘अ’, म्हणजे दोषी, सांगितल्यावर तुझी पेन्सिल जरा थांबली तेही ऐकलं. अजून सरांचा कायदा तुझ्या पचनी पडलेला दिसत नाही.

आत्या, मला वाटतं होईल. कोणाला बोलले नाही, तुलाच लिहिते. त्या तीन आठवड्यांत तू माझ्याशी जशी भांडलीस तसं माझ्याशी कोणी भांडत नाही. सगळे जपून बोलतात. पुढच्या वेळी भांडायलाच येईन.

तुझी,
मैना

२८ एप्रिल

चि. मैनेस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोचल्याचं कळलं, बरं वाटलं. टेबल अजून खिडकीपाशीच आहे, हलवायचा कंटाळा केलाय. उन्हाळा इथे फार आहे. चष्म्याचा नंबर बदलून आला.

पेन्सिल थांबली कारण टोक बोथट झालं होतं. तुझे कान म्हणजे कहर आहेत. त्या मास्तराला मात्र कुठल्याही शहाण्या कोर्टात शिक्षा झाली नसती, हे मी तुला छातीठोकपणे सांगते. असाच खटला मी स्वतः उतरवून घेतला आहे. दहा मिनिटांत सोडला त्याला आणि पोलिसांनाच झापलं. पण जाऊ दे, झालेल्या पेपरवर बोलू नये. मार्क तुला मिळतील, तुझ्या कल्पनेपेक्षा चांगले मिळतील.

सर्वांना आठवण सांग. आज इतकंच.

आत्या

१६ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

निकाल लागला. यादी ऐंशी मार्कांवर थांबली. मला एकोणऐंशी.

छापील उत्तरं आल्याबरोबर बाबांनी वही काढून दोनदा ताडून पाहिली होती. दोन्ही वेळा ऐंशी आले. आईने तर शेजारी सांगूनही टाकलं होतं. आज शेजारच्या बाई अभिनंदन करायला आल्या, त्यांना परत पाठवताना आईची जी धांदल उडाली ती ऐकवत नव्हती.

कुठेतरी एका मार्काचा घोळ आहे. अर्ज केला की मंडळ उत्तरपत्रिकेची नक्कल पाठवतं. आजच अर्ज टाकला. तपासणाऱ्यांची चूक असेल तर जागा मिळू शकते.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू केलंस तेवढं कोणी केलं नसतं.

तुझी,
मैना

२३ जून

चि. मैनेस अनेक आशीर्वाद. वि. वि.

एका मार्काने! यांच्या याद्या, यांचे नियम आणि यांचे ते खिडकीतले दिवटे! शंभर प्रश्नांवरून माणसाची लायकी ठरवतात, आणि त्यातही म्हशी आणि सायकली. मी मंडळाला खरमरीत पत्र लिहायला घेतलं होतं, पण पुरं केलं नाही.

नक्कल कशाला मागवलीस? असले कागद यायला महिने लागतात, येतात ते पुसट, आणि हाती काही लागत नाही. जिवाला घोर मात्र लागतो. चौतीस वर्षांत अशा नकला मागवून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. अर्ज मागे घेता येत असेल तर घे. पुढच्या वर्षाच्या तयारीला लाग.

मला हल्ली झोप नीट लागत नाही. वयाचा परिणाम.

आत्या

११ जुलै

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी बिघडलंय हे तू ओळखलं असशील. तुझ्या भाचीला हे पत्र माहीत नाही.

उत्तरपत्रिकेची नक्कल गेल्या आठवड्यात आली. वहीशी ताडली. नव्व्याण्णव उत्तरं जुळली. एक जुळलं नाही, सदुसष्टावं, सायकलचं. वहीत ‘अ’ आहे, कागदावर ‘क’ काळा केलाय. छापील उत्तर ‘अ’.

मी म्हटलं, ताईच्या हातून नजरचुकीने झालं असेल, डोळ्यांचा नंबर बदलला होता तिच्या. तर मैना माझ्यावरच उसळली. म्हणाली, आत्याच्या हातून चुकीचं अक्षर जन्मात पडलेलं नाही, माझीच जीभ घसरली असणार, मी डोक्यात ‘अ’ म्हटलं आणि तोंडाने ‘क’ बोलले.

ताई, तेव्हापासून तिचा स्वतःवरचा विश्वास उडालाय. बोर्डावर नंबर जोडण्याआधी शेजारणीला विचारून घेते. परवा बालविभागाचा नंबर, जो ती झोपेत सांगेल, दोनदा विचारला, तेव्हा मेट्रनने तिला घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. संध्याकाळी वहीतलं काही म्हणून दाखवायला सांगितलं तर नको म्हणते. म्हणते, मला एकच गोष्ट नीट येत होती बाबा, तीही येत नाही असं निघालं.

तू तिला चार शब्द लिही. तुझं ती ऐकते. माझं ऐकायला मी काय, मशीनचा माणूस.

तुझा,
धाकटा

२० जुलै

चि. मैनेस,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं लिहिते. हे पत्र एकटीने वाच. नंतर हवं त्याला दाखव.

तुझी जीभ घसरली नव्हती. तू ‘अ’ म्हणालीस. स्वच्छ, मोठ्याने, एकदाच. ‘क’, म्हणजे हेतू नाही म्हणून निर्दोष, मी काळा केला. नजरचुकीने नाही, समजून उमजून. पेन्सिलीचं टोक चांगलं अणकुचीदार होतं.

तू ‘अ’ म्हणालीस तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो खटला आला. तो माणूस पिंजऱ्यात रडत होता. न्यायाधीशांनी हेतू नाही म्हणून सोडलं, तो निकाल मी माझ्या हाताने उतरवला होता. मला वाटलं, पोरगी घोकलेलं बोलते आहे, तिला कोर्ट काय माहीत. वर छापलेला नियम मी स्वतः तुला वाचून दाखवला होता, हेतू बघायचा नाही हे माझ्याच तोंडून निघालं होतं, तरी मला वाटलं की हा सापळा आहे आणि तू त्यात पडते आहेस. पर्यवेक्षिका खिडकीबाहेर बघत होती. मी ‘क’ काळा केला आणि अडुसष्टावा प्रश्न वाचायला घेतला. आवाज जराही हलला नाही. त्याचीच आता जास्त लाज वाटते.

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं उतरवलं. न्यायाधीश चुकतात हे कळायचं, वकील खोटं बोलतात हे कळायचं, साक्षीदार घाबरून भलतंच बोलतोय हेही कळायचं, आणि मी तसंच लिहायची. त्याचा मला फार अभिमान होता. तुझ्यासमोर तो मिरवलाही. आता वाटतं, तेव्हा माझ्यात ते धाडसच नव्हतं. डोक्यावर न्यायाधीश बसलेला असायचा, लिहिलेलं वाचणारे दहाजण असायचे. आयुष्यात एकदाच अशी वेळ आली की मी काय लिहिते हे समोरच्या माणसाला दिसणार नव्हतं, आणि त्या पहिल्याच वेळी मी ऐकलेलं बदललं.

पुढचं लिहायला तीन दिवस लागले. तुझ्या जागी चांगल्या डोळ्यांची मुलगी असती, तर मी तिला हरकत घेतली असती, भांडले असते, नाहीतर गप्प बसून तिचं ‘अ’ काळं केलं असतं. मी ‘क’ केला कारण तू बघणार नव्हतीस. त्या कापडवाल्या मैत्रिणीवर मी पत्रातून इतकं तोंडसुख घेत होते. तिने निदान कापडच बदललं.

परीक्षा झाल्यावर मी खुशीत होते, हेही कळू दे. तुला न सांगता एक मार्क मिळवून दिला अशा तोऱ्यात होते. निकालाचं पत्र आलं तेव्हा तुला नक्कल मागवू नकोस म्हणून लिहिलं. त्या पत्रातला मंडळावरचा सगळा राग कोणावरचा होता ते आता तुला सांगायला नको. तू आपली चूक समजून बसली आहेस हे मला तुझ्या बापाने कळवलं नसतं तर मी आणखी किती दिवस गप्प बसले असते, ते मला माहीत नाही.

सोबत एक कागद आहे. मंडळाला द्यायचा जबाब. लेखनिकाने उत्तर बदललं, उमेदवाराचा दोष नाही, असं त्यात सरळ लिहून सही केली आहे. पाठवलेला नाही. आधी तुला विचारते आहे. तू म्हणशील त्या दिवशी नेऊन देईन, त्याच खिडकीत.

क्षमा मागायची तर ती पत्रात मागता येत नाही असं वाटतं. लोभाचंही लिहीत नाही.

आत्या

३ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी एका बैठकीत वाचलं. वाचून सगळ्यात आधी काय झालं असेल तर मला आनंद झाला. खरंच. मी ‘अ’ म्हणाले होते! उठून बाबांकडे गेले आणि त्यांना सांगितलं, मी ‘अ’च म्हणाले होते. मग चारशे बारा नंबर एका दमात म्हणून दाखवले. ते रडत होते आणि मधेच म्हणाले की एक राहिला. राहिला नव्हता.

राग दोन दिवसांनी आला. तो अजून आहे आणि तो किती दिवस राहील ते मला सांगता येत नाही. बाबांनी तुझं नाव टाकलंय. आई म्हणते मोठ्या माणसांना समजून घ्यावं. मी दोघांनाही सांगितलं, की हे आमचं दोघींचं आहे.

तुझा जबाब मी नीट वाचला. छान लिहिलायस, खाडाखोड नाही. तो द्यायचा नाही. नियमावली मी मैत्रिणीकडून वाचून घेतली. लेखनिकाने उत्तर बदलल्याचं सिद्ध झालं तर पेपर रद्द, आणि दोष कोणाचाही असो, उमेदवाराला तीन वर्षं बंदी. म्हणजे मन तुझं हलकं होणार आणि वर्षं माझी जाणार. तुला लिहून मोकळं व्हायची सवय आहे. हे लिहून मोकळं होता येणार नाही. हे जवळ ठेव.

डिसेंबरात मी कोठीत जाणार. पुढच्या एप्रिलची रजा बिनपगारी मागितली आहे, मेट्रनबाई बघू म्हणाल्यात. लेखनिक म्हणून आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई येणार आहेत. सातवी शिकलेल्या आहेत, वाचन सावकाश आहे, कायद्याबद्दल त्यांचं काहीही मत नाही. आम्ही केंद्राजवळच्या लॉजवर उतरू. तुझ्याकडे नाही. हे लिहिताना मला फार जड गेलं, पण लिहिते.

तुला काही करायचंच असेल तर एक कर. गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मंडळात विकत मिळतात. त्या कॅसेटवर वाचून पाठव. वाचन तुझ्याइतकं चांगलं कोणाचं नाही, हे रागातही खरं आहे. प्रश्न आणि चार पर्याय, बस. उत्तर सांगायचं नाही. नाकाने हसायचं नाही. तुला कुठला पर्याय बरोबर वाटतो हे आवाजातूनही कळता कामा नये. कळलं तर मला कळेल, आणि मी ती कॅसेट परत पाठवीन.

मैना

३० ऑगस्ट

चि. मैनेस आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

सोबत दोन कॅसेट. पहिल्या वर्षाचे शंभर प्रश्न. उरलेली चार वर्षं हळूहळू पाठवते.

उशीर झाला, कारण काम वाटलं तितकं सोपं निघालं नाही. पहिली कॅसेट भरली तेव्हा मला ती उत्तम वाटली होती. तुला पाठवण्याआधी पारख करावी म्हणून शेजारच्या मास्तरांना बोलावलं. त्यांना कायद्यातलं काही कळत नाही, नद्या आणि पर्वत तेवढे कळतात. त्यांना सांगितलं, प्रश्नाकडे लक्ष देऊ नका, नुसता माझा आवाज ऐका आणि मला कुठलं उत्तर पटलंय ते ओळखा. वीस प्रश्न ऐकवले. गृहस्थाने एकोणीस बरोबर ओळखले. वर म्हणाले, यात ओळखायचं काय, तुम्ही बरोबर पर्याय वाचता तेव्हा भाजीवाल्याला दटावल्यासारखा आवाज लागतो, आणि चुकीचा वाचता तेव्हा त्याची कीव करता.

मला फार राग आला. तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग पुन्हा वाचलं. या खेपेला सतरा. त्यानंतर सपाट वाचून पाहिलं, तर ज्याचं उत्तर मला माहीत तोच पर्याय जास्त सपाट वाचते आहे असं त्यांनी सांगितलं. उत्तर न बघता, अर्थाकडे दुर्लक्ष करून वाचायचा प्रयत्न केला, तर वाक्यंच तुटली. एकदा मी टेबलावर हात आपटून म्हटलं, की माणसाने मत ठेवायचंच नाही की काय. ते म्हणाले, मत ठेवा की, पण ते स्वतःपाशी ठेवता येतं का ते बघा.

रोज सकाळी दोन तास बसते. खिडकीपाशी, तुझ्याच टेबलावर. तुझ्या आवाजाची जागा शांत ठेवून मी प्रश्न वाचते, चार पर्याय वाचते, थांबते आणि पुढे जाते. थांबले की तोंडात उत्तर येतं. ते गिळते. एकसष्टाव्या वर्षी हे शिकते आहे, तेही तुझं एक वर्ष घालवून.

ही कॅसेट अकराव्यांदा भरलेली आहे. काल मास्तरांना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून विसाच्या वीस प्रश्नांची उत्तरं अंदाजाने सांगितली आणि मी तपासली. पाच बरोबर आली. चारांतून एक निवडायचं म्हटल्यावर कोणीही नुसतं बोट ठेवलं असतं तरी पाचच आली असती. म्हणजे माझ्या आवाजातून त्यांना काहीच मिळालं नाही. ते निराश होऊन म्हणाले, आज तुम्ही आहात की नाही तेच कळत नव्हतं.

ऐकून बघ. एखाद्या प्रश्नाला मी सापडले तर कॅसेट परत पाठव. राग असेपर्यंत राग ठेव, उत्तर नाही लिहिलंस तरी पुढच्या महिन्यात दुसऱ्या वर्षाच्या कॅसेट येतील.

तुझी,
आत्या